रेमोंदची लांबण

आमच्या शाँसरे गावात रविवारची प्रार्थना संपली, की वरच्या सज्जात ऑर्गनवर जे वाजतं त्याला ‘सोर्ती’ म्हणतात. सोर्ती म्हणजे निघणं. फादर ‘शांतीनं जा’ म्हणतात, लोक ‘देवाचे आभार’ म्हणतात, आणि हे आभार किती मनापासून आहेत ते पुढच्याच क्षणी खुर्च्या ज्या वेगानं सरकतात त्यावरून कळतं.

सोर्ती ऐकायची नसते. यात उद्धटपणा काही नाही, उलट रीतच तशी आहे. वर ऑर्गन गर्जत असतो आणि खाली माणसं कोट चढवत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत, ओव्हनमधल्या कोंबडीची काळजी करत दाराकडं सरकतात. एखादा बसून राहिलाच, तर त्याला बरं वाटत नसावं किंवा तो पॅरिसचा असावा, असं आम्ही समजतो.

अशा गावाला आंतेल्म पेरोदँ या गृहस्थांनी एक सोर्ती लिहून ठेवली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते इथं ऑर्गन वाजवत आणि उरलेल्या वेळात नोटरीच्या मुलींना पियानो शिकवत. बाकीच्या रचना त्यांच्या विधवेनं मुरंब्याच्या बरण्यांखाली अंथरल्या. ही एक तेवढी लियाँला छापून झालेली होती म्हणून वाचली. गावाचे संत मोरीस यांच्या सणाला, सप्टेंबरातल्या रविवारी, वर्षातून एकदाच ती वाजते. सुरुवात अशी दणक्यात होते की छतावरची कबुतरं उडतात, आणि मग ती कमी कमी होत जाते. वाजायला दहा-बारा मिनिटं लागतात. चर्च चार मिनिटांत रिकामं होतं. उरलेलं सगळं खुर्च्या ऐकतात. म्हणून गावानं तिचं नाव ‘लांबण’ ठेवलं. ‘यंदा लांबण आहे, बटाटे जरा उशिरा टाक,’ असं आमच्याकडं सणाच्या सकाळी घराघरांत ऐकू येतं, आणि तरीही बटाटे वेळेवरच टाकले जातात.

ही लांबण रेमोंद क्लेर्जेनं तीस-पस्तीस वर्षं वाजवली, असं म्हटलं तर ती रागावेल. वाजवायचे ते डॉक्टर ग्रोलिए. रेमोंद खुंट्या ओढायची.

जुन्या ऑर्गनला शेकडो नळ्या असतात. कुठल्या नळ्या बोलणार आणि कुठल्या गप्प बसणार ते लाकडी खुंट्यांवर ठरतं. ओढली की नळ्या बोलतात, ढकलली की थांबतात. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात, म्हणून शेजारी एक माणूस लागतो. आमच्या ऑर्गनच्या उजवीकडं भिंत आहे, त्यामुळं सगळ्या खुंट्या डावीकडं. तिथं उभ्या राहणाऱ्यानं उजव्या हातानं पानं उलटायची आणि डाव्या हातानं खुंट्या ओढायच्या. खुंट्या जुन्या आणि हट्टी आहेत.

रेमोंद डावखुरी. वरच्या वस्तीत तिचा जन्म, वडील चीज करायचे. शाळेत बाई तिचा डावा हात निळ्या रिबिनीनं खुर्चीला बांधून ठेवत. रिबीन शाळेच्या मालकीची होती, शनिवारी ती घडी करून परत द्यावी लागे. अशा रीतीनं तिला दोन्ही हातांनी सारखं काम करता येऊ लागलं, हे शिक्षणाचं यशच म्हणायचं. मी स्वतः आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळं शाळेबद्दल याहून जास्त बोलत नाही. पुढं ती चष्म्याच्या कारखान्यात लागली, फ्रेमला काड्या बसवायला, आणि तिथल्याच मारियुस क्लेर्जेशी तिनं लग्न केलं. मारियुस युनियनचा माणूस, पक्का कम्युनिस्ट. रविवारी चर्चसमोरच्या कॅफेत तो चर्चकडं पाठ करून बसायचा. इतक्या निष्ठेनं पाठ करून बसायचा की कोण आत गेलं आणि कोण आलं नाही हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसे.

डॉक्टर ग्रोलिए गुरांचे डॉक्टर. आठवडाभर त्यांचे हात गाईंच्या पोटात आणि रविवारी ऑर्गनच्या पट्ट्यांवर. एकदा ते रेमोंदच्या वडिलांच्या गोठ्यात एक अडलेली गाय सोडवायला गेले. रेमोंद माहेरी आलेली होती. एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात दोर धरून ती उभी होती. वासरू बाहेर आलं. डॉक्टरांनी हात धुतले आणि म्हणाले, “मादाम, तुम्ही डावखुऱ्या?”

रेमोंदनं सवयीनं हात पाठीमागं लपवला.

“रविवारी मोकळ्या असता का?”

हे संभाषण घरी कळलं तेव्हा मारियुसच्या मनात आधी काहीतरी वेगळंच आलं. खुलासा झाल्यावर त्याला जास्तच वाईट वाटलं. “चर्चमध्ये?” तो म्हणाला. “त्यापेक्षा तो दुसरा प्रकार असता तरी मी समजून घेतलं असतं.” मग बराच वेळ सूप ढवळून म्हणाला, “जा. पण गुडघे टेकायचे नाहीत.”

“वर गुडघे टेकायला जागाच नाही म्हणे,” रेमोंद म्हणाली.

त्या दिवसापासून तिचा डावा हात चर्चच्या सेवेत रुजू झाला. ज्या हाताला बांधून ठेवलं होतं त्याच हाताला बोलावणं आलं, याचं तिला फार अप्रूप. ते ती बोलून दाखवायची नाही. सणाच्या दिवशी त्या हाताच्या नखांना मात्र ती पॉलिश लावून यायची. त्याच हाताच्या.

तिला नोटेशन वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी हनुवटी पुढं केली की ओढायची, भुवई उचलली की ढकलायची. एवढ्यावर इतकी वर्षं निघाली. दोघं एकमेकांना अजूनही ‘तुम्ही’ म्हणतात.

आता एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. वर सज्जात ऑर्गन ऐकू येत नाही. आवाज येतो, तो कानठळ्या बसवतो. पण त्या आवाजाचं जे काही व्हायचं ते खाली, दगडी कमानींखाली होतं. वर पट्ट्यांचा खडखडाट, खुंट्यांचे ठोके, भात्याच्या मोटरची घरघर आणि डॉक्टरांच्या बुटांची कुरकुर. रेमोंद म्हणायची, “मी स्वयंपाकघरात उभी असते. जेवण कसं झालंय ते मला विचारू नका.”

लांबणीबद्दल तिचं मत बरं नव्हतं. “आधी टेबलावर मूठ आपटून ओरडायचं आणि मग कोपऱ्यात बसून पुटपुटायचं. असा एक काका होता माझा. त्याला आम्ही लग्नाला बोलवायचं बंद केलं.”

हे मत एका शरद ऋतूत हललं. मारियुस आजारी होता, तो त्याचा शेवटचा सण. कॅफेतून त्याला घरी नेताना तो अचानक म्हणाला, “तुमच्या त्या लांबणीचा शेवट चांगला आहे हं.”

चर्चमधल्या कुठल्याही गोष्टीला त्यानं चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. रेमोंद थांबली. “काय चांगलं आहे त्यात?”

“ते सांगता येत नाही. तू खाली बसून ऐक एकदा.”

“मी खाली बसले तर वाजणार कसं?”

“हा तुमच्या संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे,” मारियुस म्हणाला. नाताळाच्या आत तो गेला.

त्यानंतरही दर सप्टेंबरात रेमोंद वर उभी राहिली आणि हनुवटीकडं पाहत राहिली. आपल्या नवऱ्याला त्या शेवटात काय सापडलं हे तिला कळून घ्यायचं होतं. पण ऑर्गन तिच्याशिवाय वाजत नव्हता आणि ती असली की ऐकू येत नव्हता. ही अडचण ती कुणालाही सांगत नसे. असं सगळं बरं चाललेलं असताना आदेश आला की ऑर्गन दुरुस्तीसाठी उतरवायचा. सणाचा रविवार झाला की सोमवारी कारागीर येणार, एकेक नळी काढून नेणार, आणि परत बसवायला चार-पाच वर्षं लागणार.

आमच्या गावात एक ऑर्गनमित्र मंडळ आहे. फ्रान्समध्ये ऑर्गन असलेल्या प्रत्येक गावात असतं, आणि ऑर्गन ऐकणाऱ्यांपेक्षा मंडळाचे सभासद नेहमी जास्त असतात. आमचं मंडळ तर विद्वत्तेसाठी प्रसिद्ध आहे. निघतानाचं संगीत खरं तर थाटाचं हवं, मग पेरोदँनं त्याचा शेवट इतका मलूल का केला, यावर आमच्याकडं तीन मतं होती. एक, त्याला क्षय झाला होता. दोन, त्याचं बायकोशी पटत नव्हतं. तिसरं मत माझं. ते मी ‘पेरोदँचा अंतर्मुख काळ’ या व्याख्यानात मांडलं होतं. ऐकायला मूठभर माणसं आली, त्यांतली काही बाहेर पाऊस होता म्हणून.

या मंडळाच्या सभेत, ‘इतर विषय’ आल्यावर, रेमोंदनं हात वर केला. “यंदा मला खाली बसायचंय.”

“खाली म्हणजे?” डॉक्टरांनी विचारलं. एखादी गाय बोलली असती तर त्यांचा चेहरा तसाच झाला असता.

“खुर्चीवर. ऑर्गन जाणार सोमवारी. तो परत येईस्तोवर मी असेन की नाही कुणाला ठाऊक. मला एकदा लांबण ऐकायचीय. सगळी, शेवटापर्यंत.”

सभेत शांतता पसरली. कुणी मुद्द्याचं बोललं की आमच्याकडं पसरते.

“मग खुंट्या?” डॉक्टर म्हणाले.

“मी ओढते,” मागून क्लोतील्द व्हियोने म्हणाली. क्लोतील्द चर्चमधली फुलं सजवते आणि रेमोंदच्या वर्गात होती. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही आणि एकमेकींबद्दल चांगलं बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. “त्यात काय एवढं? कपाटाचे खण ओढल्यासारखं तर आहे.”

“तुझ्या कपाटातून सूर निघत नाहीत, क्लोतील्द.”

“तुला काय माहीत? कधी आलीस माझ्याकडं?”

“कधी बोलावलंस?”

“शेजारणीला बोलवायचं असतं होय गं?”

एवढ्यात ठराव मंजूर झाला.

पुढचे काही आठवडे तालमी चालल्या. क्लोतील्दचा डावा हात बरा होता, हनुवटीशी मात्र तिचं जमेना. “हे डॉक्टर खूण करतात की थुंकी गिळतात, ओळखायचं कसं?”

“गिळताना डोळे मिटतात,” रेमोंदनं सांगितलं.

“आणि आत्ता भुवई उचलली ती?”

“ती तू चुकलीस म्हणून उचलली.”

“मग मी खुंटी ढकलली ते बरोबर की चूक?”

“चूक. पण आज्ञाधारक.”

डॉक्टर या सगळ्यात समोर बघत बसून राहत. जनावरांच्या धंद्यात माणसाला धीर येतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं जे झालं ते चांगुलपणातून झालं, आणि त्यात माझाही हात होता. क्लोतील्दला सुचलं, की रेमोंद खाली बसली तरी तिला काय ऐकू येणार? खुर्च्या, टाचा आणि फिर्मँ पाववाल्याचं खोकणं. तेव्हा या एका सणाला गावानं बसून राहावं. शेवटापर्यंत, गप्प. फादर बोनिफास यांना ही कल्पना फारच आवडली. ते काँगोचे. आमच्याकडं येऊन सहा वर्षं झाली तरी सोर्तीचा प्रकार त्यांच्या पचनी पडलेला नाही. “आमच्या गावी प्रार्थना संपल्यावर कुणी हलत नाही,” ते म्हणाले. “शेवटी फादरलाच निघून जावं लागतं, तेव्हा लोक म्हणतात, काय हो, घाई आहे का?” मी अनुमोदन दिलं. रेमोंदला विचारायचं कुणाच्याच मनात आलं नाही. भेटवस्तू कुणी विचारून देत नाही.

सणाच्या दिवशी चर्च भरलेलं होतं. ऑर्गन जाणार म्हटल्यावर, ज्यांनी तो कधी ऐकला नव्हता तेही निरोपाला आले होते. रेमोंद तिसऱ्या रांगेत, मी तिच्या शेजारी. तिनं मांडीवर हात ठेवले होते. डावा वर.

फादर म्हणाले, “शांतीनं जा. पण आत्ता नाही.” मग त्यांनी कारण सांगितलं. लोकांनी माना वळवून रेमोंदकडं पाहिलं आणि माना डोलावल्या. रेमोंद माझ्याकडं वळली. “हे काय आहे?”

“तुमच्यासाठी,” मी म्हणालो. तेवढ्यात वर दणका उडाला.

सबंध गाव बसलेलं होतं. दातांच्या डॉक्टरकडं बाहेरच्या खोलीत बसतात तसं. लांबणीची सुरुवात आम्ही सगळ्यांनी जन्मभर ऐकलेली, पण उठता-उठता, एका बाहीत हात घालताना. आता बसून ऐकताना ती अंगावर आली. एक मोठा स्वरसमूह, मग पोकळ जागा. पुन्हा एक, पुन्हा पोकळ जागा. त्या पोकळ जागांमध्ये काहीच नव्हतं. एकदा कुणीतरी शिंकलं. फिर्मँ पाववाल्यानं घड्याळाकडं पाहिलं आणि आपण पाहिलं हे कुणी पाहिलं का ते पाहिलं. वर डॉक्टरांना आरशात सगळं दिसत होतं. तो आरसा पाद्री काय करतोय ते कळावं म्हणून लावलेला असतो. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना श्रोते मिळाले होते. ते घाबरले आणि अडखळत वाजवू लागले.

रेमोंदचा डावा हात दर बदलाला मांडीवर हलत होता. चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती माझ्या कानाशी आली. “हे नव्हे.”

“म्हणजे?”

“एवढ्यासाठी मारियुसनं तोंड उघडलं नसतं.”

तिनं मान वळवून मागं पाहिलं. रांगांमागून रांगा, हातात हातमोजे धरून, तिच्यासाठी कंटाळलेलं आख्खं गाव. मग ती उभी राहिली, आणि अंगणातल्या कोंबड्या हाकलतात तसा डावा हात हलवला.

“उठा.”

कुणी उठलं नाही. भिडेपोटी बोलतेय असं सगळ्यांना वाटलं. दोघा-तिघांनी ‘नाही नाही, बसतो आम्ही’ अशी खूण केली.

“अरे उठा म्हणते ना. सोर्ती आहे ती. निघायचं असतं.” आवाज चढवून ती म्हणाली, “फिर्मँ, गिऱ्हाइकं दारात उभी असतील तुझ्या, बसलायस काय? मादाम पाज, तुमची कोंबडी जळाली असेल एव्हाना. ऊठ गं तू पण, पोरांना घे. चला.”

एक खुर्ची सरकली. त्या वेळी वर नेमकी पोकळ जागा होती. खुर्चीचा आवाज त्या जागेत गेला आणि बसला. मग वरचा स्वरसमूह आला, त्यापाठोपाठ पाच-पन्नास खुर्च्या. पुन्हा स्वर, पुन्हा खुर्च्या. दोघं एकमेकांना वाव देऊन बोलल्यासारखं. वीस वर्षांच्या अभ्यासाला त्यात काही काम उरलं नाही हे माझ्या लक्षात आलं.

“तुम्हीसुद्धा,” रेमोंद मला म्हणाली.

मी दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या कुंडापर्यंत गेलो आणि तिथं थांबलो. अर्धी आज्ञा पाळली. तिथून मला रिकाम्या होत चाललेल्या रांगांमध्ये बसलेली रेमोंद दिसत होती.

मोठं दार उघडलं. आता वर पायपट्ट्यांवर चाल सुरू झाली, एक संथ, जाडजूड चाल, आणि दगडी फरशीवरच्या टाचा तिच्यात मिसळल्या. तिच्यावर मधूनच एक लहानसा सूर थांबे, दोनदा तेच बोले आणि पुढं जाई. त्याच वेळी दारात मादाम पाज कुणाला तरी थांबवून तेच दोनदा सांगत होत्या. लोक कमी होत गेले, तशी वर एकेक खुंटी आत जात होती. आवाज मलूल होत नव्हता. माणसांबरोबर दारातून बाहेर जात होता. उरलेल्यांना पुरेल एवढाच आत राहत होता.

शेवटी आत फक्त म्हातारे ओग्युस्त पाज राहिले, काठी टेकत. एकच नळ्यांची रांग बोलत होती, तीही फुंकर घातल्यासारखी. काठी, सूर, काठी. दारात ते अडखळले, सावरले, उन्हात गेले. बाहेरून चौकातला गलबला आत येत होता, पेले, हाका, पोरांची भांडणं. ऑर्गन कधी थांबला हे मी सांगू शकत नाही. आतला सूर संपला आणि बाहेरचा उरला, यांच्यामध्ये शिवण दिसली नाही.

रेमोंद बसलेलीच होती. डावा हात थांबला होता. बऱ्याच वेळानं ती उठली, माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, “त्याला काय हो. तो पलीकडं कॅफेत बसलेला. एकेक माणूस बाहेर येणार, चौक भरत जाणार, आणि हे संपलं की मी खाली येणार. मग जेवायला निघायचं.” एवढं बोलून तिनं रुमाल काढला आणि चष्मा पुसला. काड्यांपाशी नीट, कोपऱ्यात बोट घालून.

पेरोदँच्या मनात खरंच हेच होतं का, हे कुणी सांगू शकत नाही. मंडळात आता यावरही दोन तट पडले आहेत.

चौकात कॅफेनं टेबलं बाहेर मांडली होती. रेमोंद एकेका टेबलाशी जाऊन आभार मानू लागली. “मर्सी. निघालात, बरं केलंत.”

“टोमणा मारतेस का?” फिर्मँनं विचारलं. त्याच्या हातात पांढऱ्या वाइनचा पेला होता, दुकान पोराच्या भरवशावर. “हे बघ, मी शेवटापर्यंत बसणार होतो. मला आवडत होतं.”

“तुझं तोंड मी पाहिलं होतं, फिर्मँ.”

“तोंड तसंच आहे माझं.”

“तू पहिली खुर्ची सरकवलीस ना? फार छान सरकवलीस. खरं सांगते. मर्सी.”

फिर्मँनं पेला रिकामा केला. खुर्ची सरकवल्याबद्दल त्याचे आभार याआधी कुणी मानले नव्हते, त्यामुळं हे कौतुक की टोमणा हेच त्याला ठरवता येईना. अशा पेचात त्या दुपारी बरीच माणसं सापडली. मादाम पाजचे आभार दारात थांबून बोलल्याबद्दल, पोरांचे दारातल्या पायऱ्यांवरून धावल्याबद्दल, ओग्युस्त यांचे काठीबद्दल. ओग्युस्त यांना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं त्यांचा वाढदिवस आहे. त्यांनी सगळ्यांना बसायला सांगितलं.

क्लोतील्द घामाघूम होऊन जिना उतरून आली. “एक खुंटी उशिरा ढकलली मी. शेवटची. माहीत आहे मला, आता बोल काय ते.”

“ओग्युस्त दारात अडखळले तेव्हा?”

“मला काय दिसतंय वरून कोण अडखळतंय ते?”

“उशिरा ढकललीस म्हणून त्यांना निघायला वेळ मिळाला. बरोबर झालं.”

क्लोतील्दनं तिच्याकडं संशयानं पाहिलं. “मग मी मुद्दाम केलं असं सांग लोकांना.”

“सांगते. बुधवारी येतेस कॉफीला?”

“बघते,” क्लोतील्द म्हणाली आणि पटकन कुणाच्या तरी टेबलावरची फुलं नीट करायला लागली.

डॉक्टर सगळ्यांत शेवटी आले. सोमवारपासून आपल्याला रविवार नाही हे त्यांच्या चालण्यात दिसत होतं. ते रेमोंदच्या समोर बसले. पेला भरून आला, त्यांनी हात लावला नाही.

“मी घाबरलो सुरुवातीला,” ते म्हणाले. “आरशात सगळे बसलेले. मला वाटलं वर काहीतरी पेटलंय आणि लोकांना धक्का बसलाय.”

“मला ऐकू आलं ते.”

“मग?”

रेमोंदला प्रश्न कळला नाही. मग कळला. तिच्याइतकीच वर्षं हा माणूसही वरच बसला होता. लांबण त्यांनी वाजवली होती, ऐकली नव्हती, आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी बसेल अशी सोय गावात नव्हती.

“सांगा ना,” डॉक्टर म्हणाले. “हळू झाली का शेवटी?”

“थांबा. सुरुवातीपासून सांगते.” तिनं खुर्ची पुढं ओढली, पेले बाजूला केले आणि टेबलाच्या पत्र्यावर डाव्या हाताची मूठ आपटली. “हे तुम्ही.” मग बोटांची नखं पत्र्यावर खरवडली. “ही फिर्मँची खुर्ची. पुन्हा तुम्ही. आता सगळ्या खुर्च्या.” ती तळव्यांनी चाल वाजवू लागली, मध्येच थांबून मादाम पाजचं वाक्य दोनदा बोलली, पुन्हा चाल. डॉक्टर पुढं वाकून तिच्या हातांकडं पाहत होते. सवयीनं त्यांची भुवई उचलली गेली.

“नाही, इतक्यात नाही,” रेमोंद म्हणाली. “अजून लोक दारात आहेत.”

आजूबाजूच्या टेबलांवर हे लक्षात आलं आणि माणसं आवाज खाली आणू लागली. फिर्मँनं पोरांना दटावलं. एकेक टेबल गप्प होत गेलं, सगळे माना वळवून ऐकू लागले. रेमोंदचा हात थांबला.

“बोला रे तुम्ही,” ती वैतागून म्हणाली. “तुम्ही गप्प बसलात तर मी यांना शेवट कसा सांगू?”

तेव्हा मादाम पाजनी कोंबडीचा विषय काढला, ती खरंच जळाली होती म्हणे, आणि कुणीतरी विचारलं की बटाटे तरी वाचले का.